त्रेचाळीस नंबर

शिकारीचं निम्म्याहून जास्त काम पाय करतात, उरलेलं कुत्रं करतं, आणि फोटो मात्र माणसाच्या तोंडाचा निघतो. हा अन्याय जगभर चालत आलेला आहे. कूसिलम्पी गावच्या मूस शिकार मंडळाने तो दूर करण्याचा एकदा मनापासून प्रयत्न केला. त्यांनी पायांचा विचार केला; नुसता केला नाही, ठराव मांडून केला. त्या ठरावाची फळं मंडळ आजही भोगतं आहे. ('भोगतं' हा शब्द मंडळाला मान्य नाही. मंडळाच्या कागदपत्रांत 'वापरात आहे' असं म्हटलेलं आहे.)

मंडळाची माहिती थोडक्यात अशी. सभासद बारा. तेरावा घेत नाहीत आणि अकरावर थांबत नाहीत. कार्यालय म्हणजे तळ्याकाठची मांस कापायची शेड. हंगाम ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी सुरू होतो आणि परवाने संपेपर्यंत किंवा घरोघरच्या बायका बोलायला लागेपर्यंत (यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत) चालतो. मूस हे घोड्याहून उंच हरीण. दिसायला गबाळं, उभ्या उभ्या झोप लागल्यासारखं. पण ज्या दलदलीत माणूस मांडीपर्यंत रुततो तिथून ते पाटावरून उठून गेल्यासारखं निघून जातं. त्याला मारायची रीत अशी की निम्म्या लोकांनी कुत्री घेऊन हाका घालायचा आणि निम्म्यांनी आपापल्या ठरलेल्या ठिय्यावर बसून वाट बघायची. नारिंगी बंडी आणि नारिंगी टोपी कायद्याने सक्तीची आहे. बोलणं सक्तीचं नाही, त्यामुळे कुणी बोलत नाही. एका हंगामात एका सभासदाच्या वाट्याला सरासरी चारशे शब्द येतात. वेइक्को नावाचा सभासद आपले सप्टेंबरातच संपवतो आणि मग इतरांचे वापरतो.

या मंडळात शिरायचं होतं इलारीला.

इलारी हेल्सिंकीचा. पेन्शनचे अर्ज तपासायचं त्याचं काम घरी बसून होत असे, आणि घर कुठेही असलं तरी अर्ज तेवढेच येतात हे बायकोने, म्हणजे हेताने, त्याच्या लक्षात आणून दिल्यामुळे तो दोन वर्षांपूर्वी सासुरवाडीला राहायला आला. याला आपल्याकडे घरजावई म्हणतात. कूसिलम्पीत नुसतंच 'जावई' म्हणतात, पण सूर तोच.

सासऱ्याचं नाव एन्सिओ. त्याचा ठिय्या गावातला सगळ्यात मानाचा: 'पाद्रीचा दगड'. (फार पूर्वी एका पाद्रीचा पाय तिथे घसरला होता. मंडळ माणसाची कामगिरी विसरतं, घसरलेला पाय विसरत नाही.) एन्सिओच्या आजाने तिथे बसून मूस मारले, बापाने मारले, आणि एन्सिओ तिथे बसला की घरातला फ्रीजर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भरलेला असे. पण गुडघा गेला. डॉक्टरीणबाईंनी फोटो बघून सांगितलं की हा हंगाम शेवटचा. मंडळाचा नियम स्पष्ट होता: ज्या घराचा ठिय्या, त्या घराने नवा माणूस द्यावा, त्याने एक हंगाम हाका घालावा, सभेला तो 'बसणारा' वाटला तर ठिय्या त्याचा. नाही वाटला तर दगड वेइक्कोच्या भाच्याला. हा भाचा सहा वर्षं वाट बघत होता आणि नारिंगी टोपी घरातसुद्धा काढत नव्हता.

"हे बघ," हेता एक दिवस सकाळी कॉफी ओतता ओतता म्हणाली, "बाबा तुला काही म्हणणार नाहीत."

"म्हणत नाहीयेत ना. मग झालं."

"तेच सांगतेय. आठवडाभर काहीच म्हणाले नाहीत. एवढे घाबरलेले मी त्यांना आईच्या ऑपरेशनलाही बघितलं नव्हतं."

इलारीने गोष्ट मनावर घेतली. बंदुकीची परीक्षा तो आधीच पास झाला होता. कुत्रं सासऱ्याचं होतं. राहता राहिले पाय. तो लाकडं फोडणाऱ्या एन्सिओपाशी गेला.

"बाबा, बूट कुठले घेऊ?"

एन्सिओने तीन ओंडके फोडले, चौथा उभा केला आणि म्हणाला, "दोन घे."

कूसिलम्पीत याला मार्गदर्शन म्हणतात. पण इलारी पेन्शन खात्याचा माणूस. कागद पुरे झाल्याशिवाय त्याचा निर्णय होत नसे. त्याने शिकाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या चर्चा वाचायला घेतल्या. एकूण मतं अकराशे. त्यांतले चारशे गमबूटवाले होते: रबरातून पाणी येत नाही, विषय संपला. चारशे ऐंशी चामड्यावाले होते: रबरात पाय शिजतो, विषय संपला. दोनशे एकोणीस जणांनी बुटांबद्दल काही न म्हणता एकमेकांच्या आजोबांबद्दल मत दिलं होतं. उरलेल्या एकाने फक्त डाव्या पायाचा बूट कुणी विकतं का असं विचारलं होतं आणि त्याला कुणीच उत्तर दिलं नव्हतं.

शेवटी तो कायानी शहरातल्या मोठ्या दुकानात गेला. तिथली विक्रेती पोरगी त्याला म्हणाली, "काका, सकाळी कशाला आलात? संध्याकाळी या. दिवसभर चालून पाय फुगतो, तो खरा पाय." तो संध्याकाळी गेला. तिने दोन्ही पाय मोजले, कारण दोन्ही कधीच सारखे नसतात आणि मोठा म्हणेल तेच खरं धरायचं असतं. लोकरीचे जाड मोजे घालायला लावले. दुकानात दगडगोटे लावून केलेला एक खोटा उतार होता, त्यावरून त्याला खाली चालवलं. बोटं पुढे आपटली नाहीत. टाच वर उचलली नाही. घोटा आवळला गेला नाही. तळवा खडबडीत, शिवण दुहेरी, आतला पडदा पाणी आत घेत नाही आणि घाम बाहेर सोडतो.

"दुकानात चावला ना, तर रानात तुम्हाला खाईल," ती म्हणाली. "हा चावतोय?"

"नाही."

"कुठेच नाही?"

इलारीने प्रामाणिकपणे शोधलं. कुठेच नाही. नंबर पंचेचाळीस.

किंमत ऐकून हेताने विचारलं, "बंदूक त्यातच आली ना?"

नवे बूट थेट रानात न्यायचे नसतात. आधी पायांची ओळख करून द्यावी लागते. इलारीने पाच आठवडे ते घरात घातले. त्याने बुटात भांडी घासली. बुटात बसून पेन्शनचे अर्ज नामंजूर केले (काही मंजूरही केले, पण इथे विषय पायांचा आहे). टपालाच्या पेटीपर्यंत दिवसातून चार वेळा गेला. गावाने हे पडद्याआडून पाहिलं आणि त्यावर काहीही न बोलता बरंच मत बनवलं.

हंगामाच्या पहिल्या शनिवारी उजाडताना तो शेडपाशी पोहोचला तेव्हा बाकीचे अकरा आणि एन्सिओ शेकोटीभोवती उभे होते. बाराही जणांच्या पायांत एकाच जातीचे, एकाच रंगाचे, वर पांढरी पट्टी असलेले काळे गमबूट. ठिगळं सुद्धा नेमकी, सायकलच्या पंक्चरासारखी गोल. बारा जोडी डोळे आधी इलारीच्या तोंडाकडे गेले, मग सावकाश खाली उतरले आणि तिथेच बसले.

"अरे वा, जावईबापू!" वेइक्को म्हणाला. "बूट झकास. लग्नातच घ्यायचे की."

"भिंतीला लाव. वर काच बसव," दुसरा कुणी म्हणाला.

शिकारीचा प्रमुख आर्वो, ठेंगणा, गंभीर, पंचायतीचा माजी हिशेबनीस. त्याने बुटांना एक चक्कर मारली. "आवाज करतात?"

"अजिबात नाही," इलारी अभिमानाने म्हणाला.

"हाका घालायचाय तुला. तू आलास हे मुसाला कळणार कसं?"

यावर सगळे हसले, म्हणजे दोघांनी नाकातून श्वास सोडला. एन्सिओ शेकोटीकडे बघत राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

सगळे निघाले तेव्हा इलारीच्या एक गोष्ट लक्षात आली. मंडळाची चालण्याची एक खास ढब होती. आर्वो पाय न उचलता जमिनीवरून ओढत नेई, हलक्या हाताने केर काढल्यासारखा. वेइक्को टाचांवर चाले आणि पुढचा पाय टाकण्याआधी क्षणभर थबके. एन्सिओ दोन्ही गुडघे बाहेर फाकवून, नावेतून उतरल्यासारखा. हीच ती जुन्या शिकाऱ्यांची निःशब्द चाल, इलारीला वाटलं, पिढ्यान् पिढ्यांनी कमावलेली. त्याने दहा मिनिटं तशी चालून पाहिली आणि त्याची कंबर धरली.

या मंडळाची दुसरी ख्याती म्हणजे चिकाटी. तालुक्याच्या शिकार संघाने त्यांना सलग नऊ वर्षं 'स्थिरतेचं' मानपत्र दिलेलं आहे. इतर गावचे शिकारी ठिय्यावरून उठतात, फिरतात, शेजारच्याकडे तंबाखू मागायला जातात. कूसिलम्पीचा माणूस एकदा बसला की अंधार पडेपर्यंत उठत नाही. ठिय्येही दर दोन-तीन वर्षांनी रस्त्याच्या थोडे जवळ सरकवले जातात. त्याचं कारण 'मुसांच्या बदलत्या सवयी' असं नोंदलेलं आहे.

इलारीला दलदलीच्या पलीकडच्या टोकाला सोडलं. तिथून हाका घालत अलीकडे यायला अडीच तास लागतात, आजवर नेहमी तेवढेच लागले होते. इलारी निघाला. बुटांनी पाणी आत घेतलं नाही, घोटा वळू दिला नाही, शेवाळावरून घसरू दिलं नाही. कुत्रं पुढे भुंकत होतं, मागे तो आरोळ्या ठोकत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपण कशासाठी तरी जन्माला आलो आहोत असं त्याला वाटत होतं.

तासाभरात वॉकीटॉकी खरखरली. आर्वो.

"जावई कुठे?"

"मोठ्या ओढ्यापाशी."

"कुठल्या मोठ्या ओढ्यापाशी?"

"एकच आहे ना?"

"तिथेच थांब."

"मी थांबतो, पण मूस पुढे गेले. तीन आहेत."

यानंतर वॉकीटॉकीवर काय ऐकू आलं हे इलारीला लगेच उमगलं नाही. कुणीतरी बोलायचं बटण दाबून धरलं होतं. आधी कुजबुजत एक शिवी आली, मग धापा, मग चिखलातून काहीतरी ओढल्यासारखा, रबराचा, ओला, हताश आवाज. तीन मूस आर्वो आणि वेइक्को यांच्या ठिय्यांमधून, कुणाच्या घरी पाहुणे निघाल्यासारखे, शांतपणे निघून गेले. गोळी एकही सुटली नाही.

इलारी रस्त्यावर आला तेव्हा वेइक्को बगलेत बंदूक आणि हातात बूट घेऊन एका पायावर उभा होता.

"खडा गेला होता," वेइक्को म्हणाला.

पुढच्या ठिय्यावर आर्वो होता. त्यालाही खडा. त्याच्या पुढच्यालाही. कूसिलम्पीच्या दलदलीत मैलोन् मैल खडा औषधालाही सापडत नाही. त्या दिवशी मात्र तो सहा जणांच्या बुटांत एकाच वेळी गेलेला होता.

"फार लवकर आलास," आर्वो एवढंच म्हणाला. वेइक्कोचा भाचा, जो नुसता बघायला आला होता, टोपी सारखी करत गोड हसला.

दुपारचा हाका इलारीने रडतखडत, वाटेत तीन वेळा बसून, सांगितल्याप्रमाणे अडीच तासांत घातला. एक मोठा नर पाद्रीच्या दगडासमोर आला आणि एन्सिओने तो एका गोळीत पाडला. इलारी धावत पोहोचला. सासरा दगडापाशी उभा होता, पायांत नुसते लोकरीचे मोजे, चिखलाने भरलेले. बूट बाजूला व्यवस्थित जोडीने ठेवलेले, देवळाबाहेर ठेवतात तसे.

"खडा?" इलारीने विचारलं.

एन्सिओने मान हलवली, पण त्याच्याकडे न बघता.

संध्याकाळी सौना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून घ्यायची वाफ. सौनात लहानथोर नसतो, कपडे नसतात, आणि नजर छातीच्या वर ठेवायची असते. इलारीने ती तशी तासभर ठेवली. मग त्याच्या हातून पाण्याचा डाव निसटला आणि तो उचलायला तो खाली वाकला. त्याच्या नाकासमोर खालच्या बाकावरचे पाय आले.

पायांचं वर्णन करण्याची पद्धत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. वेइक्कोची बोटं एका बाकावर कोंबलेल्या पोरांसारखी एकमेकांच्या मांडीवर बसली होती. कुणाचा अंगठा करंगळीला भेटायला निघाला होता. काळी नखं मोजायची तर मोजणाऱ्याच्या हातांची बोटं पुरली नसती. आर्वोचे पाय लहान पोरासारखे इवले, पण टाचांना मात्र घासून घासून खुरासारखी कातडी. आणि शेवटी एन्सिओचे, ज्यांना पाय म्हणायचं ते नात्यापोटी.

इलारी उभा राहिला. डोक्यापर्यंत वाफ गेली असावी, कारण तो मोठ्याने म्हणाला, "तुमचे बूट तुम्हाला होत नाहीत."

दगडांवर थेंब चुरचुरला. वेइक्कोने त्याच्या हातून डाव घेतला आणि पाणी ओतलं. वाफेचा लोट आला.

"फार गरम होतंय का?" आर्वोने सगळ्यांना विचारलं.

"ठीक आहे," सगळे म्हणाले, आणि विषय मिटला.

नंतर जावई-सासरे बाहेर ओसरीवर अंगातून वाफा सोडत बिअर घेऊन बसले.

"तुझा किती?" एन्सिओने तळ्याला विचारावं तसं विचारलं.

"पंचेचाळीस. तुमचा?"

"सत्तेचाळीस."

"आणि बूट?"

"त्रेचाळीस. सगळ्यांचेच."

मग त्याने पुढच्या दोन हंगामांचे शब्द खर्चून हकीकत सांगितली. एकोणीसशे एक्याण्णव साली बूट बनवणाऱ्या एका कारखान्याने कळवलं की बारा जोड एकगठ्ठा, एकाच नंबराचे घेतलेत तर निम्म्या भावात देऊ. सभा भरली. कुठला नंबर घ्यायचा यावर वाद होऊ नये, कुणा एकाची सोय आणि दुसऱ्याची गैरसोय होऊ नये, म्हणून आर्वोने न्याय्य तोडगा काढला. बाराही जणांच्या पायांचे नंबर मांडले, बेरीज केली, बाराने भागलं. बरोबर त्रेचाळीस आले. बाकी शून्य. इतका स्वच्छ भागाकार पंचायतीच्या हिशेबातही कधी झाला नव्हता. सभेने टाळ्या वाजवल्या (दोघांनी) आणि ठराव एकमताने मंजूर झाला. त्रेचाळीस नंबरचा पाय बारांत कुणाचाच नव्हता, पण तो मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता.

"आणि कुणी बोललं नाही?"

"काय बोलणार? बाकीच्यांना बरोबर बसले होते."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणाचीच तक्रार नव्हती," एन्सिओ म्हणाला. "मला वाटायचं, माझेच पाय वाईट."

"बाबा, दुसरे घ्यायचे ना मग!"

"अजून फाटले नाहीत."

"तीस वर्षं होऊन गेली!"

"हो ना," एन्सिओच्या आवाजात अभिमान आला. "रबर बघ कसलं आहे. ठरावात आहे, फाटले की नवे घ्यायचे. कुणाचाच फाटत नाही. भोक पडलं तर ठिगळ, ते फाटणं धरत नाहीत."

इलारीला एकदम काहीतरी सुचलं. "गुडघ्याच्या डॉक्टरीणबाईंना हे सांगितलंत?"

"त्या गुडघा बघत होत्या. पायाचं त्यांनी विचारलं नाही."

घरी येऊन इलारीने हेताला सगळं सांगितलं. ती हसली नाही. "बाबांचे पाय मी लहानपणापासून बघतेय," ती म्हणाली. "मला वाटायचं पुरुषांचे असेच असतात. लग्नानंतर तुझे बघितले तेव्हा वाटलं, शहरात पाय पुरते वाढत नाहीत."

"मी उद्या बोलणार."

"बोल. फक्त बाबांच्या तोंडाकडे बघून बोल."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मांसाची वाटणी होती. तिची रीत अशी: टेबलावर बारा सारखे ढीग करतात. एक जण टेबलाकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका ढिगावर हात ठेवून विचारतो, "हा कुणाचा?" पाठमोरा नाव घेतो, आणि तो ढीग त्याचा. पाठ फिरवलेली असल्यामुळे वशिला चालत नाही, आणि मिळालं ते चांगलंच मिळालं असं मानावं लागतं. या पद्धतीत आजवर एकही भांडण झालेलं नाही. एका माणसाला सलग चार वर्षं मानेचं मांस आलं आणि त्याने बायकोला मान आवडते असं जाहीर केलं.

आर्वो पाठमोरा उभा राहिला. वेइक्को हात ठेवत गेला. बारा ढीग संपले. शेवटचा एन्सिओचा, त्याचा शेवटचा. लोक पिशव्या भरायला लागणार एवढ्यात वेइक्को बाजूच्या बाकाकडे सरकला. तिथे एन्सिओचे गमबूट ठेवले होते. रात्री धुतलेले, आत वर्तमानपत्र कोंबलेलं, पांढरी पट्टी पुसून लख्ख केलेली. वेइक्कोने त्यांवर हात ठेवला.

"हा कुणाचा?"

दारात उभ्या असलेल्या वेइक्कोच्या भाच्याने टोपी काढली, बहुधा सहा वर्षांत पहिल्यांदा.

"एन्सिओच्या जावयाचा," आर्वो म्हणाला.

म्हणजे दगडही त्याचाच. ठरावाची गरज नव्हती. त्या मंडळात नवा माणूस असाच घेतात. इलारीने सासऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. एन्सिओ भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरकडे एकटक बघत होता, आणि त्याची हनुवटी जरा हलत होती.

इलारी बाकावर बसला. आपले पंचेचाळीस नंबरचे बूट काढले, बाजूला ठेवले. गमबुटात पाय घातला. तो निम्म्यावर अडला.

"बोटं आधी दुमड," वेइक्को वाकून, ओठ न हलवता, कानाशी म्हणाला. "अंगठा खाली, बाकीची वर. टाच सगळ्यात शेवटी. आणि जोरात श्वास घे."

सूचना अचूक होत्या. तीस वर्षांचा अभ्यास असल्याशिवाय कुणाला एवढ्या अचूक देता येत नाहीत. बूट बसला. मग दुसरा. इलारी उभा राहिला आणि त्याचे गुडघे आपोआप बाहेर फाकले.

आर्वो वळला. बुटांकडे पाहिलं. आणि मग त्याने एक प्रश्न विचारला, जो त्या शेडमध्ये एकोणीसशे एक्याण्णवपासून कुणी कुणाला विचारला नव्हता.

"कसे आहेत?"

सुरी धुणाऱ्याने नळ बंद केला. पिशवी बांधणाऱ्याचे हात थांबले. बारा माणसं इलारीच्या तोंडाकडे बघत होती. वेइक्कोसुद्धा, आर्वो तर सगळ्यांत जास्त. त्या नजरांत त्याला दटावणी दिसेल असं वाटलं होतं. ती नव्हती. शाळेत बाईंनी 'अजून कुणाला बाहेर जायचंय?' म्हणून विचारावं आणि सगळ्या वर्गाने धीट पोराकडे बघावं, तसं ते बघत होते. चावतात. एवढाच शब्द. तो म्हणाला असता तर एन्सिओ सोडून अकराजण तिथल्या तिथे खाली बसून बूट काढणार होते, हे त्याला आपल्या दुमडलेल्या अंगठ्याइतकं स्वच्छ कळलं.

आणि तो शब्द उच्चारला असता तर तीस वर्षं तो कुणीही का उच्चारला नाही, हेही बाराजणांना एकदमच आठवलं असतं. एन्सिओला सगळ्यांत आधी.

"छान आहेत," इलारी म्हणाला.

कुणीतरी श्वास सोडला. तो सुटकेचा होता की दुसरा कसला, याची नोंद नाही.

"मग झालं," आर्वो म्हणाला आणि कॉफी ओतायला वळला. त्या वर्षीच्या सभेच्या इतिवृत्तात एवढंच आहे की एक सभासद निवृत्त झाला, एक आला, आणि हिशेबनीसाने नवी सरासरी काढली असता ती बेचाळीस पूर्णांक पाच षष्ठांश भरली. म्हणजे मंडळाला बूट आता सरासरीने किंचित सैलच होतात. सभेने याची समाधानाने नोंद घेतली.

बाकी सगळं ठीक चाललं आहे. एन्सिओ आता घरात नमद्याच्या सपाता घालतो. सहा महिन्यांत त्याचा गुडघा इतका सुधारला की डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांच्या कंपनीला पत्र लिहिलं. इलारीचे चामड्याचे बूट माळ्यावर आहेत. अत्यंत टिकाऊ, हमीची दोन वर्षं अजून शिल्लक. तो पाद्रीच्या दगडावर बसतो आणि अंधार पडेपर्यंत उठत नाही. संघाने यंदाही मानपत्र दिलं. परवा हंगामाच्या पहिल्या दिवशी वेइक्कोचा भाचा हाका घालायला आला, पायांत कायानीहून आणलेले, मापाने घेतलेले, पाच आठवडे घरात वापरून मऊ केलेले बूट. सगळ्यांच्या नजरा खाली गेल्या.

"अरे वा, भाचेबुवा!" इलारी म्हणाला. "बूट झकास. लग्नातच घ्यायचे की."

दोघांनी नाकातून श्वास सोडला.

दूरदेशीची माणसं, थंडीने डोकं चालत नसेल, असं म्हणून तुम्ही आता हे मिटून ठेवाल, आणि ते बरोबरच आहे. आज सकाळी कुणीतरी तुम्हालाही वाटेत थांबवून 'काय, कसं काय?' म्हणून विचारलंच असेल. तुम्ही काय उत्तर दिलंत ते आम्ही विचारत नाही. नळ बंद करून, हातातलं काम थांबवून, ज्याने विचारलं तो तुमच्या तोंडाकडे किती वेळ बघत राहिला होता, एवढंच जरा आठवून बघा.